तप्त गुरू मूळचे कुठले?

दिवाळीच्या अमावास्येला रात्री आठ-नऊच्या सुमारास बोदवडमध्ये कुणी गावातल्या दिव्यांपासून लांब, शिवारात उभे राहून सरळ डोक्यावर पाहिले, तर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन दिसतो. त्या चौकोनाची पश्चिमेची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे. त्यांच्या साधारण मधोमध, किंचित पश्चिमेला सरकून, एक अगदी मंद तारा आहे. डोळे अंधाराला सरावले आणि फटाक्यांचा धूर नसला, तर तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. खगोलशास्त्रज्ञ त्याला ५१ पेगासी म्हणतात. बोदवडचे अक्षांश सुमारे एकवीस अंश उत्तर आणि या ताऱ्याची क्रांतीही जवळपास तेवढीच. त्यामुळे तो रोज एकदा बोदवडच्या जवळजवळ नेमक्या माथ्यावरून जातो. ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात भरलेल्या परिषदेत मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाच्या आसपासचा एक ग्रह फिरतो आणि त्याची प्रदक्षिणा सव्वाचार दिवसांत पुरी होते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिला ग्रह. २०१९ च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता तो त्यासाठीच. त्याच परिषदेत आणखी एक घोषणा झाली, तिची आठवण मराठी वाचकाने ठेवायला हरकत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे कॅलटेकमधले सहकारी यांनी ग्लीझ २२९ बी हा तपकिरी बटू, म्हणजे तारा व्हायला अपुरा आणि ग्रह म्हणायला फार जड असा पिंड, दाखवून दिला. ग्रह आणि तारा यांच्यातली सीमा कुठे आहे, हा प्रश्न त्या एका परिषदेत दोन्ही बाजूंनी उघडला गेला.

मायोर-केलोझ यांचे निरीक्षण लगेच इतरांनी पडताळले, ते खरे निघाले. पचायला जड गेला तो त्याचा अर्थ. आपला गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटीहून थोडा जास्त लांब आहे आणि त्याला एक फेरी मारायला जवळपास बारा वर्षे लागतात. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो. खानदेशातून किती पिढ्या त्या बारा वर्षांच्या हिशेबाने गोदावरीवर गेल्या आहेत. हाच गुरू ५१ पेगासीच्या ग्रहाच्या जागी असता तर त्याची फेरी बारा वर्षांऐवजी सव्वाचार दिवसांत पुरी झाली असती. इतक्या जवळच्या वायुग्रहाचे तापमान हजार अंशांच्या आसपास आणि पुष्कळदा त्याच्या दीड-दोन पट असते. अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात आणि आज त्यांची संख्या काही शेकड्यांत आहे. तीस वर्षे त्यांच्याबद्दल एक प्रश्न चर्चेत आहे: हे तिथे आले कसे? या लेखात त्या चर्चेचा आढावा घ्यायचा आहे, पण नुसती सगळ्यांची मते शेजारीशेजारी मांडायची नाहीत. उपलब्ध पुरावा एकत्र पाहिला तर माझ्या मते तो एका बाजूला बराच झुकतो. तप्त गुरू लांब जन्मले, आणि त्यांतले बहुतेक तबकडीतून सावकाश सरकत आलेले नाहीत. शेजाऱ्याच्या धक्क्याने लंबगोल कक्षेत फेकले जाऊन, मग ताऱ्याच्या भरतीबलाने आवळले जाऊन ते इथे पोचले.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. पहिल्या काही वर्षांत सापडलेल्या ग्रहांत तप्त गुरूंची गर्दी होती, त्यामुळे विश्वात तेच जास्त असावेत असे वाटू लागले. ते खरे नव्हते. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा डगमगतो आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा डॉप्लर परिणामाने मागेपुढे सरकतात. ग्रह जितका जड आणि जितका जवळ, तितके हे डगमगणे मोठे. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने हलवतो आणि त्यासाठी बारा वर्षे घेतो. ५१ पेगासीचा ग्रह आपल्या ताऱ्याला त्याच्या चौपटीहून जास्त वेगाने हलवतो आणि ते चार रात्रींत कळते. जाळ्याचे भोकच असे होते की त्यात हेच मासे अडकावेत. पुढे मोजदाद झाली तेव्हा कळले की सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत तप्त गुरू असणारा एखादाच. केप्लर दुर्बिणीच्या पाहणीत तर प्रमाण त्याच्याही निम्म्यावर आले. विशेष म्हणजे ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ सालीच लिहून ठेवले होते की गुरूएवढे ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ असू शकतील, त्यांचे वर्ष एका दिवसाचेही असू शकेल, आणि ते डॉप्लरने किंवा ताऱ्यासमोरून जाताना पडणाऱ्या मंदपणावरून पकडता येतील. चाळीस वर्षे फारसे कुणी ते मनावर घेतले नाही, कारण आपल्या सूर्यमालेत तसे काही नव्हते. दुर्मीळ असूनही तप्त गुरू महत्त्वाचे आहेत ते यामुळे, की ग्रहमाला कशा घडतात याचे आपले सगळे जुने चित्र एकाच मालेवरून काढलेले होते, आणि या ग्रहांनी ते अपुरे ठरवले.

उत्तरे तीन सुचवली गेली. पहिले सर्वांत सोपे: ग्रह जिथे आहे तिथेच जन्मला. दुसरे: तो लांब जन्मला आणि बालवयात, ताऱ्याभोवती वायू-धुळीची तबकडी शिल्लक असतानाच, तिच्याशी होणाऱ्या ओढाताणीत आत सरकला. तिसरे: तो लांब जन्मला, तबकडी विरून गेल्यावरही लांबच होता, नंतर केव्हातरी दुसऱ्या ग्रहाच्या किंवा जोडताऱ्याच्या ओढीने त्याची कक्षा अतिशय लंबगोल झाली आणि ताऱ्याजवळून जाताना दरवेळी ऊर्जा गमावत ती लहान आणि गोल झाली.

पहिल्या उत्तराची अडचण कच्च्या मालाची आहे. वायुग्रह व्हायचा तर आधी पृथ्वीच्या दहापट वजनाच्या आसपासचा घन गाभा लागतो. तो तयार झाला की मगच त्याच्यावर हायड्रोजन-हेलियमचा डोंगर चढतो. सूर्यासारख्या ताऱ्यापासून, पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब आहे त्याच्या साधारण तिपटीपलीकडे पाण्याचा बर्फ टिकतो, त्यामुळे तिथे घन माल भरपूर मिळतो. ताऱ्याच्या अगदी कुशीत बर्फ सोडाच, खडकाची धूळही उष्णतेने टिकेनाशी होते, आणि एवढ्याशा कक्षेच्या पट्ट्यात गाभ्यापुरता माल जमत नाही. जन्म तिथलाच, या मताचा २०१६ मध्ये कॉन्स्टन्टिन बॅटिगिन आणि सहकाऱ्यांनी नव्याने पुरस्कार केला. त्यांचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही: पृथ्वीहून मोठे खडकाळ ग्रह ताऱ्यांजवळ भरपूर सापडतात, मग त्यांतल्याच एखाद्या जाड ग्रहाने वायू गोळा केला तर काय बिघडले? बिघडते ते असे, की हे खडकाळ ग्रह सहसा कुटुंबाने राहतात आणि तप्त गुरू सहसा एकटा असतो. शिवाय तो जवळचा गाभा स्वतः तिथे कसा आला, हा प्रश्न या उत्तरात फक्त एक पायरी मागे ढकलला जातो.

दुसऱ्या उत्तराला जुनी सैद्धांतिक बैठक आहे. पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रिमेन यांनी १९८० मध्येच दाखवले होते, की ग्रह तबकडीत लाटा उठवतो आणि त्या लाटा उलट त्याचीच कक्षा बदलतात. ५१ पेगासीची बातमी आली तेव्हा डग्लस लिन आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पुढे केली, आणि बराच काळ तेच पाठ्यपुस्तकातले उत्तर राहिले. त्याचा गुण असा की त्याला वेगळा अपघात लागत नाही. तबकडी प्रत्येक ताऱ्याला असते. पण गुण तोच दोष आहे. यंत्रणा सगळीकडे असेल तर शंभरात एकच तप्त गुरू का? आत सरकणारा ग्रह ताऱ्यात न पडता थांबला कशामुळे? तबकडीच्या आतल्या कडेशी, जिथे ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र वायू अडवते, तिथे तो थांबतो असे सांगतात, आणि ते शक्य आहे. मात्र तबकडीत सावकाश सरकलेल्या ग्रहाची कक्षा गोल हवी आणि ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत हवी. मोजमाप सुरू झाले तेव्हा नेमके तेच जमेना.

तिसऱ्या उत्तराचे गणित मूळ दुसऱ्याच कामासाठी झाले होते. १९६१-६२ च्या सुमारास सोव्हिएत संघात मिखाईल लिदॉव कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा अभ्यासत होते आणि जपानचे योशिहिदे कोझाई लघुग्रहांच्या. दोघांनाही स्वतंत्रपणे आढळले, की लांबचा, तिरक्या कक्षेतला जड सोबती हळूहळू आतल्या पिंडाची कक्षा तिरकेपणाच्या बदल्यात लंबगोल करू शकतो. दोन-तीन मोठे ग्रह एकमेकांच्या फार जवळ जन्मले तर याहून थेट प्रकार घडतो: धक्काबुक्कीत एक बाहेर फेकला जातो, दुसरा आत झेपावतो. आत झेपावलेला ग्रह ताऱ्याच्या निकट येतो तेव्हा समुद्राला चंद्र जशी भरती आणतो तसा तारा त्याच्या अख्ख्या देहाला ताणतो. त्या घुसळणीत कक्षेची ऊर्जा उष्णतेत जाते. कोनीय संवेग मात्र जवळपास कायम राहतो. त्यामुळे हिशेब असा निघतो, की अतिलंबगोल कक्षेतल्या ग्रहाचे ताऱ्यापासूनचे किमान अंतर जेवढे, त्याच्या दुप्पट अंतरावर त्याची अखेरची गोल कक्षा स्थिरावते. ज्या अंतराच्या आत गेल्यास ग्रह भरतीबलाने फाटून जाईल त्याला रोश मर्यादा म्हणतात. तिच्या अगदी जवळून गेलेला आणि वाचलेला ग्रह शेवटी तिच्या दुपटीवर थांबेल. त्याच्या आत कुणी फारसे असू नये. तप्त गुरू तीन-चार दिवसांच्या वर्षाभोवती दाटी करतात आणि त्यांची आतली कड या दुपटीच्या आसपासच पडते, हे एरिक फोर्ड आणि फ्रेडरिक रसिओ यांनी २००६ मध्ये दाखवले. तबकडीची आतली कडही साधारण याच प्रदेशात येते, म्हणून हा पुरावा एकटा निकाल देत नाही. पण पुढच्या पुराव्यांना तो चांगली पार्श्वभूमी देतो.

सगळ्यांत बोलका पुरावा तिरकेपणाचा आहे. फिरत्या ताऱ्याची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. ग्रह समोरून जाताना आधी कोणती बाजू झाकतो यावरून ताऱ्याचा अक्ष आणि ग्रहाची कक्षा यांच्यातला कोन काढता येतो. सूर्यमालेत हा कोन सहा-सात अंशांचा. तप्त गुरूंचे कोन मोजले गेले तेव्हा काही कक्षा ध्रुवांवरून जाणाऱ्या निघाल्या, आणि २००९ मध्ये वास्प-१७ बी हा ग्रह चक्क ताऱ्याच्या उलट दिशेने फिरताना सापडला. २०१० मध्ये जोशुआ विन आणि सहकाऱ्यांनी यात एक क्रम दाखवला: पृष्ठतापमान ६२५० केल्विनच्या वरचे जे तारे, त्यांच्याकडे तिरके तप्त गुरू फार, त्याखालच्या ताऱ्यांकडे बहुतेक सरळ. थंड ताऱ्यांच्या बाहेरच्या थरात वायू खळखळत असतो, तिथे भरतीचे घर्षण जास्त. म्हणून ते कालांतराने ग्रहाशी जुळवून घेतात. म्हणजे सुरुवातीला तिरके पुष्कळ असावेत आणि निम्म्यांचा तिरकेपणा नंतर पुसला गेला असावा. यावर चांगला आक्षेप असा, की तबकडीच तिरकी असेल तर? के२-२९० या ताऱ्याचे दोन ग्रह एकाच पातळीत राहूनही ताऱ्याच्या उलट फिरतात, हे २०२१ मध्ये कळले. तिथे धक्काबुक्की झालेली नाही, तबकडीच कलंडलेली होती. हे उदाहरण पक्के आहे. पण तबकड्या सर्रास कलंडत असतील तर जरा लांबचे, दहा दिवसांहून मोठ्या वर्षाचे वायुग्रहही तितकेच तिरके हवेत, कारण तिथे ताऱ्याची भरती काही पुसू शकत नाही. २०२२ मध्ये मॅलेना राइस आणि सहकाऱ्यांनी एकट्या ताऱ्यांचे असे ग्रह तपासले, ते बहुतांशी सरळ निघाले. म्हणजे तिरकेपणा प्रामुख्याने अगदी जवळच्यांचाच आहे, आणि त्याचे कारणही त्यांच्या प्रवासातच शोधायला हवे.

दुसरा पुरावा एकटेपणाचा. केप्लरने शोधलेल्या खडकाळ ग्रहांच्या शेजारी दुसरे ग्रह पुष्कळदा आढळतात. तप्त गुरूंच्या शेजारी ते जवळजवळ नसतात, असे २०१२ च्या पाहणीत स्पष्ट झाले. लंबगोल कक्षेतून येणारा जड ग्रह वाटेतले सगळे विस्कटून टाकणार, तेव्हा हे अपेक्षितच आहे. सावकाश सरकणाऱ्याने मात्र काही शेजारी सोबत आणायला हवे होते. इथेही अपवाद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. वास्प-४७ च्या तप्त गुरूला आत-बाहेर दोन लहान शेजारी आहेत, हे २०१५ मध्ये कळले. पुढे वास्प-१३२ सारखी आणखी उदाहरणे आली. अधिक्रमणांच्या, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या, वेळांत पडणारा थोडासा फरक पाहून २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात साधारण आठांतल्या एकाला असा लपलेला शेजारी असावा असा अंदाज निघाला. ही कुटुंबे धक्क्याने आलेली असूच शकत नाहीत. तेव्हा सगळे तप्त गुरू एकाच मार्गाने आले असा हट्ट धरणारा सिद्धांत इथेच संपतो, आणि मी तो धरत नाही. प्रश्न बहुसंख्येचा आहे. लांबच्या सोबत्यांचा हिशेबही तिकडेच बोट दाखवतो: हेदर नटसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पाहिले, तेव्हा जवळपास निम्म्या तप्त गुरूंच्या मालेत दूरवर दुसरा वजनदार सोबती असल्याचे आढळले. जोडतारे मात्र एवढ्या संख्येला पुरत नाहीत. त्यांच्या ओढीने आलेले पाचांत एखादाच असावा. मोठे ग्रह जन्मण्यासाठी लोहासारख्या जड मूलद्रव्यांनी समृद्ध तारे लागतात, आणि लंबगोल कक्षेतले जवळचे वायुग्रह अशाच ताऱ्यांकडे विशेष आढळतात. जिथे मोठी भावंडे जास्त, तिथे भांडणे जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रवासात असलेले कुणी दिसतात का? दिसतात. एचडी ८०६०६ बी हा २००१ मध्ये सापडलेला ग्रह १११ दिवसांत एक फेरी करतो, पण त्याची कक्षा इतकी लांबट आहे की एका टोकाला तो जवळपास पृथ्वीइतका लांब असतो आणि दुसऱ्या टोकाला बुधाच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत घुसतो. त्या काही तासांत त्याचे तापमान कित्येक शे अंशांनी उसळताना स्पिट्झर दुर्बिणीने पाहिले. २०२४ मध्ये टीआयसी २४१२४९५३० बी सापडला. तो त्याहूनही किंचित लांबट कक्षेत आणि वर उलट दिशेने फिरतो. या यादीत एक भारतीय नाव आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या चमूने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील दुर्बिणीला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडून २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी हा तप्त गुरू निश्चित केला आणि २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी. पहिला गुरूहून हलका पण आकाराने दीडपटीच्या जवळ, घनता पाण्याच्या एकतृतीयांशाहून कमी. दुसरा त्याच्या अगदी विरुद्ध: आकार गुरूएवढाच, वजन मात्र जवळपास तेरापट, म्हणजे घनता पाऱ्याहून जास्त. तेरा गुरू हीच ग्रह आणि तपकिरी बटू यांच्यातली रूढ सीमा, त्यामुळे फ्लोरेन्सचे दोन्ही प्रश्न या एका पिंडात भेटतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे त्याची कक्षा. सव्वासात दिवसांचे वर्ष असूनही ती गोल नाही, चांगलीच लंबगोल आहे, आणि लांबवर एक तपकिरी बटू सोबतीला असण्याची शक्यता आहे. प्रवास पुरा व्हायच्या आधी पकडलेला ग्रह असाच दिसला पाहिजे.

या मताविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप इथेच आहे. तप्त गुरू जर या मार्गाने येत असतील, तर अतिलंबगोल कक्षेत वाटेवर असलेल्यांची संख्या गणिताने सांगता येते. रिबेका डॉसन आणि सहकाऱ्यांनी केप्लरच्या नोंदींत ते शोधले आणि २०१५ मध्ये कळवले की अपेक्षेएवढे सापडत नाहीत. आक्षेप खरा आहे आणि काही वर्षे तो निर्णायक वाटत होता. पण त्या गणितात भरतीचे बल कक्षा नेहमी संथपणे आवळते असे धरले होते. कक्षा फार लांबट असताना ग्रहाचा अख्खा देह घंटेसारखा कंप पावतो, दर फेरीत ऊर्जा उड्या मारत जमा होते आणि कक्षा अतिशय झपाट्याने लहान होते, असे यान्चिन वू यांनी २०१८ मध्ये दाखवले. घाटाचा तो उतार इतका चटकन ओलांडला जात असेल, तर उतारावर गाड्या कमी दिसणारच. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे हे मान्य; पण भौतिकीच्या साध्या नियमांतून ते निघते, आक्षेपाला उत्तर म्हणून मुद्दाम रचलेले नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. धक्क्याने येणाऱ्याला सहसा वेळ लागतो, तबकडीतून येणारा दहा-पंधरा लाख वर्षांतही पोचू शकतो. म्हणून अगदी कोवळ्या ताऱ्याजवळ एक जरी पक्का तप्त गुरू सापडला तरी दुसरा मार्ग सिद्ध झाला. २०१६ मध्ये व्ही८३० टॉरी आणि सीआय टॉरी या ताऱ्यांभोवती तसे ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. कोवळे तारे डागांनी आणि उसळ्यांनी भरलेले असतात आणि ते ग्रहासारखे सोंग चांगले वठवतात. दोन्ही दाव्यांवर पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्या. सुमारे १ कोटी ७० लाख वर्षे वयाचा एचआयपी ६७५२२ बी २०२० मध्ये सापडला तेव्हा आकारावरून तो गुरूच वाटला. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये त्याचे वजन पाहिले, ते पृथ्वीच्या चौदापटीच्या आसपास निघाले. गुरू आहे ३१८ पट. नेपच्यूनसारखा ग्रह बालवयात फुगलेला होता, एवढेच. तरुण ताऱ्यांचा पुरावा अजून कोराच म्हणावा लागेल.

वातावरणावरून मूळ गाव ओळखता येईल अशी मोठी आशा होती. बर्फाच्या रेषेपलीकडे वायू आणि बर्फ यांच्यात कार्बन आणि ऑक्सिजनची वाटणी वेगळी होते, तेव्हा ग्रहाच्या हवेत या दोघांचे प्रमाण जन्मस्थळाची खूण राखेल, असा विचार. एचडी २०९४५८ बी या ग्रहाच्या हवेत २००२ मध्ये सोडियम सापडले. जेम्स वेबने वास्प-३९ बी च्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि सूर्यप्रकाशासारख्या किरणांनी घडणारा सल्फर डायऑक्साइड दाखवला. ही रसायने स्वतः विलक्षण आहेत. मूळ प्रश्नाला मात्र त्यांनी अजून फारसा हातभार लावलेला नाही, कारण एकाच प्रमाणाला दोन-तीन वेगवेगळ्या जीवनकथा बसतात. हे वायुग्रह एवढे का फुगतात, हाही असाच बाजूला उरलेला प्रश्न.

रेडिओ दुर्बिणींचा अनुभव त्याहून रुक्ष, पण त्यात पुणे जिल्ह्याचा वाटा आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीने वैशाखात स्वाती नक्षत्राजवळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या टाउ बूटिस ताऱ्याच्या तप्त गुरूकडे १५० मेगाहर्ट्झवर कान लावला. काही ऐकू आले नाही. एचडी १८९७३३ आणि एचडी २०९४५८ यांचेही तेच. एचएटी-पी-११ बी या नेपच्यूनएवढ्या ग्रहाकडून २००९ मध्ये संकेत आल्यासारखे वाटले, पुढच्या वर्षी तो पुन्हा मिळाला नाही. १५० मेगाहर्ट्झवर बोलायला ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र गुरूच्या कित्येक पट हवे. गुरूचे स्वतःचे असे रेडिओ बोलणे ४० मेगाहर्ट्झच्या आसपास संपते. त्यामुळे या मौनावरून ग्रह चुंबकहीन ठरत नाहीत. पण नकाराच्या नोंदीही व्यवस्थित छापल्या गेल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. तसेच भारताच्या वाट्याला नाव द्यायला आलेला ग्रहही तप्त गुरूच होता: २००६ मध्ये शोधलेला एचडी ८६०८१ बी, वर्ष दोन दिवसांहून थोडे मोठे. २०१९ मध्ये त्याला ‘संतमस’ हे नाव मिळाले, ते पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. ताऱ्याला टीआयएफआरच्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी यांचे नाव दिले गेले. तो ग्रह डॉप्लर पद्धतीने सापडला असल्याने हाती फक्त त्याचे किमान वजन आहे.

तेव्हा आजचा निकाल असा: जन्म तिथलाच हे मत बहुसंख्य तप्त गुरूंना लागू पडत नाही, तबकडीतून सरकलेले थोडे आहेत आणि शेजाऱ्यांसह राहणारी वास्प-४७ सारखी कुटुंबे त्यांत मोडतात, उरलेले बहुतेक धक्क्याने आले. हा निकाल उलटवता येण्यासारखा आहे, आणि कसोटी लांब नाही. युरोपच्या गाया यानाने ताऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे मोजून जमवलेल्या माहितीचा चौथा संच २०२६ च्या अखेरीस जाहीर व्हायचा आहे. त्यातून लांबच्या कक्षांतले वजनदार ग्रह मोठ्या संख्येने हाती लागतील. तप्त गुरूंच्या मालांत असे सोबती इतर ताऱ्यांपेक्षा जास्त निघाले नाहीत, तर वर मांडलेला युक्तिवाद मागे घ्यावा लागेल. दुसऱ्या एका कामात मात्र खानदेशातल्या महाविद्यालयांनाही हात घालता येईल. ग्रहाच्या अधिक्रमणाचे स्पर्श, मध्य आणि मोक्ष हे ग्रहणासारखेच मोजायचे असतात. वर्षानुवर्षांच्या अचूक वेळांवरूनच वास्प-१२ बी चा प्रदक्षिणाकाळ वर्षाला सुमारे ३० मिलिसेकंदांनी घटत असल्याचे कळले आणि लपलेल्या शेजाऱ्यांचे अंदाज निघाले. युरोपच्या एरियल मोहिमेसाठी चालणाऱ्या ‘एक्सोक्लॉक’ प्रकल्पात हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेतल्या जातात. एचडी १८९७३३ चा प्रकाश दर सव्वादोन दिवसांनी अडीच टक्क्यांच्या आसपास घटतो आणि तेवढी घट लहान दुर्बीण व साध्या खगोलीय कॅमेऱ्याने टिपता येते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मठ स्थापन झाला होता, त्याचा शिलालेख आजही वाचता येतो. त्याच जिल्ह्यात बोदवड, भुसावळ, जळगावच्या भौतिकशास्त्र विभागांनी पावसाळा संपल्यावर एक दुर्बीण, एक कॅमेरा आणि अधिक्रमणांचे वेळापत्रक घेऊन या कामाला सुरुवात करावी.